थांबण्याचा पगार

दाजी सकाळी साडेसातला क्रेनच्या शिडीला हात लावत आणि आठला आठ कमी असताना केबिनचं दार उघडत. बावीस मिनिटं. साइटवरचे तरुण बारा मिनिटांत चढून दाखवत, पण वर पोचल्यावर त्यांचे हात थरथरत. दाजी मधल्या प्रत्येक फळीवर उभे राहून श्वास घेत आणि मगच पुढे सरकत. त्यांचा डबा, पाण्याची बाटली आणि एक रिकामी बाटली दोरीला बांधून वर जाई. रिकामी बाटली कशाला, असं नव्या माणसाने विचारलं की जुने म्हणत, "दुपारपर्यंत वर बसून बघ, आपोआप कळेल."

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ खाली सिग्नल देण्याच्या कामावर होता. हुकाला अडकवलेलं वजन भिंतीआड गेलं की वरच्या माणसाला काहीच दिसत नाही. मग खालचा माणूस वॉकीटॉकीवर सांगेल तसा क्रेनचा हात हलवायचा. त्यामुळे दिवसभर प्रत्येकाच्या वॉकीटॉकीतून एकच आवाज येई : "दाजी, हळू. दाजी, डावीकडे. अजून हातभर. बस्स, दाजी." ऐकून ऐकून इंजिनिअर, वॉचमन, चहावाला, सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले. मीही म्हणत असे, आणि मी त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. साइटच्या ऑफिसात हजेरी आणि पगार माझ्याकडे होते.

मेहुण्यालाही साइटने नाव दिलं होतं, शिट्टी. वॉकीटॉकी येण्यापूर्वी तो गळ्यात शिट्टी अडकवून सिग्नल देत असे. ही जोडी अकरा वर्षांची. हुकाला साखळ्या बांधणारे दोघे रिगर त्यांची थट्टा करत. "आम्ही मेहुण्याच्या हातात सायकल देत नाही. हे लोकांच्या डोक्यावरचं दोन टन देतात."

दाजींचे वडील दगडाच्या खाणीत ट्रक चालवायचे. दाजी तिथेच लहान क्रेन शिकले, मग मोठी, मग परीक्षा देऊन परवाना काढला. बोलणं कमी. वर एकटं बसून बसून माणूस असाच होत असावा. रागावलेलं मी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं. वारा वाढला की ते वॉकीटॉकीवर एकच शब्द बोलत, "थांबलो." त्यावर कोणी वाद घालत नसे. साइटचा नियम असा होता की मीटरवर वाऱ्याचा आकडा ताशी अडतीस किलोमीटरच्या वर गेला तर क्रेन बंदच, आणि त्याखाली, वजन रुंद असेल तर, ऑपरेटर ठरवेल ते. रुंद वजन म्हणजे मुख्यतः शटरिंगची पॅनेल. काँक्रीट ओतण्याआधी भिंतीचा साचा म्हणून ती उभी करतात. खोलीच्या भिंतीएवढं पॅनेल हवेत लटकलं की त्याचं शीड होतं.

यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती, पण कोणी बोलत नसे. दाजींना महिन्याचा पगार होता. मुकादम शिट्टी, दोघे रिगर आणि वर स्लॅबवर वजन उतरवून घेणारे दोघे अशा पाच जणांच्या टोळीला रोजाने मजुरी होती. वाऱ्यामुळे क्रेन तासापेक्षा जास्त थांबली की टोळीला अर्ध्याच दिवसाची मजुरी लागे. दाजींना पूर्ण. हा कंपनीचा नियम होता आणि मस्टरवर अर्ध्या दिवसाची खूण करणारा हात माझा होता.

इमारत पाच आठवडे मागे पडली तेव्हा मुख्य ऑफिसने नवा साइट मॅनेजर पाठवला. बत्तीस वर्षांचा, हुशार, सतत घड्याळ पाहणारा. माणूस वाईट नव्हता. टोळीसाठी सावलीची जागा त्यानेच करून दिली. त्याने पहिल्या आठवड्यात क्रेन दिवसात किती वजनं वर नेते, त्या फेऱ्या मोजल्या आणि दुसऱ्या आठवड्यात योजना मांडली : दिवसाला तीस फेऱ्यांच्या पुढे प्रत्येक फेरीमागे जादा पैसे, सहा जणांत सारखे वाटून. आधी महिनाभर करून पाहू, जमलं तर इमारत पुरी होईपर्यंत.

जमलं. पहिल्या आठवड्यात रोजच्या तीसच्या छत्तीस झाल्या, मग अडतीस. एका बुधवारी चव्वेचाळीस. त्या दिवशी शिट्टीने सगळ्यांना थंड पेयं पाजली. महिनाअखेर मी पाकिटं वाटली तेव्हा टोळीला नेहमीच्या मजुरीवर पाचवा हिस्सा जास्त मिळाला होता. शिट्टीने पाकीट दोनदा मोजलं आणि मला म्हणाला, "काका, अजून दोन अशी आली की मी बहिणीच्या घरातून मोकळा!"

शिट्टी, त्याची बायको आणि वर्षाची मुलगी दाजींच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत राहत होती. दीड वर्ष. दोन गल्ल्या पलीकडे त्याने एक खोली पाहून ठेवली होती. मालक अनामत हप्त्याने घ्यायला तयार होता, पण त्याला शनिवारपर्यंत पहिला हप्ता आणि पुढच्यांची खात्री हवी होती.

सोमवारी सकाळी सव्वासातला दाजी माझ्या टेबलापाशी आले. हे कधी होत नसे. त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे परत घ्या."

"कमी भरलंय का?"

"नाही. बरोबर आहे."

"मग?"

"पगार काढून घेतलाय मी. हे वरचे आहेत, फेऱ्यांचे. परत घ्या."

मी म्हटलं, "दाजी, जास्त आले म्हणून परत करणारे दोघंतिघं पाहिलेत मी. बरोबर आले म्हणून परत करणारे तुम्हीच पहिले."

ते हसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "त्या बुधवारी चव्वेचाळीस झाल्या ना, त्यातली एकेचाळिसावी पॅनेलची होती. वारा मीटरला नंतर कळतो, खुर्चीला आधी कळतो. पॅनेल सतराव्या मजल्यापाशी असताना खुर्ची सरकली. मला वारा कळला. आणि त्याच वेळेला मला हेही कळलं की ही एकेचाळिसावी आहे."

"बरं."

"आधी काय कळलं, ते सांगता येत नाही. केव्हापासून आठवतोय. माझा हात थांबला नाही, एवढं खरं. पॅनेल फिरलं. स्लॅबवरचे दोघं खाली बसले, ते त्यांच्या डोक्यावरून गेलं. एकाची टोपी उडाली. उठून हसले दोघं."

"कोणाला लागलं नाही ना?"

"नाही. म्हणून तर सांगावं लागतंय. लागलं असतं तर तुम्हाला कळलंच असतं."

पाकीट कोणत्या खात्यात परत घ्यायचं, हे मला खरोखर कळेना. मी मॅनेजरकडे गेलो. त्याने दाजींना आत बोलावलं आणि खुर्ची दिली. दाजी बसले नाहीत.

"दाजी, माणसाने कामाप्रमाणे पैसे घ्यावेत यात चूक काय? टॅक्सीवाला किलोमीटरने घेतो. डॉक्टर ऑपरेशनमागे घेतो."

"म्हणून तर आपण दुसऱ्या डॉक्टरला विचारून येतो, साहेब. इथे वर दुसरं कोण आहे?"

मॅनेजर हसला. "ठीक. तुम्ही घेऊ नका. पण टोळीला मिळू द्या. शुक्रवारी पुढच्या महिन्यांच्या कागदावर सह्या आहेत. सहाही जणांच्या सह्या लागतील, मुख्य ऑफिसची अट आहे. तुम्ही नुसती सही करा, पैसे सोडा."

हा तोडगा चांगला होता. दाजीही म्हणाले, "विचार करतो."

पुढचं मला त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी जेवायला बसायच्या आधी त्यांनी शिट्टीला मॅनेजरचं म्हणणं सांगितलं. तो खूश झाला.

"झालं की मग! तुम्ही नका घेऊ, तुमचा हिस्सा मला द्या. दोघांचाही प्रश्न सुटला."

"सही करणार नाही मी," दाजी म्हणाले.

"का?"

"भिंतीआड माझे डोळे तू आहेस. माझा हात पैसे मोजायला लागला, तर तुझा डोळा लागणार नाही कशावरून?"

शिट्टीची ताई, म्हणजे दाजींची बायको, दारात येऊन उभी राहिली. "अहो, तो काय लहान आहे का? अकरा वर्षं तुमचं वजन सांभाळतोय. आणि मला माझी पुढची खोली परत नकोय का? दीड वर्षात पाहुणा आला तर बसवायला जागा नाही. शिवाय याचं घोरणं भिंतीपलीकडून ऐकते मी."

"ताई, तू मध्ये पडू नकोस." शिट्टीचा चेहरा उतरला होता. "दाजी, एक विचारू? राग मानू नका. वारा आला की तुम्ही म्हणता, थांबलो. आणि वर बसून पूर्ण पगार घेता. खाली आमचा अर्धा दिवस जातो. तुमच्या त्या एका शब्दाचे पैसे कोण भरतं? मी भरतो. अकरा वर्षं भरतोय. कधी बोललो?"

"नाही बोललास."

"आता चार पैसे मिळायची वेळ आली, तर तुम्हाला माझ्या डोळ्यांची काळजी!"

"हळू बोल, पोरगी उठेल," ताई म्हणाली.

पोरगी उठलीच. शिट्टीची बायको तिला घेऊन जिन्यात जाऊन उभी राहिली. त्या घरात त्यानंतर तीन दिवस वाटी सरकवण्यापुरतंच बोलणं झालं. "मला त्याला उत्तर देता येत नव्हतं," दाजी मला म्हणाले. "तो खोटं बोलत नव्हता ना."

गुरुवारी दुपारी वारा सुटला.

शुक्रवारी सकाळी अठराव्या मजल्याचं काँक्रीट यायचं होतं. गाड्या ठरल्या होत्या. त्यासाठी नऊ पॅनेल वर जायची होती. चार गेली होती. पाचव्याला साखळ्या बांधून झाल्या आणि वॉकीटॉकीवर आवाज आला, "थांबलो."

मॅनेजर ऑफिसातून बाहेर पळत गेला. मीही दारात आलो. त्याने खिशातली वॉकीटॉकी काढली. "दाजी, आकडा किती?"

"एकतीस. झोत आला की चौतीस."

"मर्यादा अडतीस आहे."

"पॅनेल आहे, साहेब."

"पाच पॅनेल राहिलीत, दाजी. उद्या सकाळी सहाला गाड्या उभ्या राहतील. काँक्रीट वाट पाहत नाही."

खाली जमिनीवर खरोखरच वारा नव्हता. इमारतीच्या आडोशाला धूळसुद्धा हलत नव्हती. साखळ्या बांधलेलं पॅनेल भिंतीला टेकवलेलं, त्याच्या कोपऱ्याला दिशा देण्यासाठी बांधलेली दोरी, आणि दोरीचं टोक शिट्टीच्या हातात. टोळी त्याच्याकडे पाहत होती. तासभर थांबलं तर अर्धा दिवस, हे सगळ्यांना पाठ होतं. त्या दिवशीच्या सत्तावीस फेऱ्या झाल्या होत्या.

मॅनेजर शिट्टीकडे वळला. "सिग्नल तुझा आहे. तू सांग. इथे वारा आहे?"

"नाही, साहेब."

"मग सांग तसं त्यांना."

शिट्टीने वॉकीटॉकी तोंडाशी नेली. दोनदा बटण दाबून सोडलं. मग म्हणाला, "दाजी, खाली काही नाही. उचला."

"दोरी कोण धरणार?" वरून विचारलं.

"मीच धरलीय."

"पॅनेल फिरलं तर पहिला तू आहेस. उभा राहशील?"

"राहीन."

हे शिट्टी इतक्या पटकन म्हणाला की शेजारच्या रिगरने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

आम्ही सगळे माना वर करून उभे. मग हूक खाली आला. रिगरने वर पाहिलं आणि साखळ्या सोडल्या. रिकामा हूक वर गेला, पार वर. क्रेनचा लांब आडवा हात हळूहळू आपोआप वळला आणि वाऱ्याच्या दिशेला जाऊन डुलत राहिला. क्रेन बंद करताना हाताचा ब्रेक असाच सोडावा लागतो, म्हणजे वाऱ्याशी तो झगडत बसत नाही. याचा अर्थ आजचं काम संपलं. केबिनचं दार उघडलेलं खालून दिसलं.

उतरायलाही त्यांना तेवढाच वेळ लागे. ती वीसबावीस मिनिटं मॅनेजर येरझारा घालत होता आणि शिट्टी दोरीची गुंडाळी करत होता. केली, सोडली, पुन्हा केली.

दाजी खाली आले. त्यांच्या हाताला शिडीचा गंज लागला होता. मॅनेजर मला म्हणाला, "नियमाप्रमाणे टोळीला अर्धा दिवस लावा."

"माझाही अर्धाच लावा," दाजी म्हणाले.

"तुम्ही मासिक पगारावर आहात, दाजी. तसं लावता येत नाही," मी म्हटलं.

"मग रजा मांडा अर्ध्या दिवसाची. यांचा जातो तर माझाही जाऊ दे."

शिट्टीने हातातली दोरी खाली टाकली. "नको ती नाटकं! तुमचा अर्धा कापून माझी अनामत भरली जाणार आहे का? आणि काय होईल सांगू? पुढच्या वेळी तुमचाही हात थांबणार नाही! आज निदान एक माणूस तरी वर होता ज्याला थांबणं परवडत होतं. तोही गेला की मग कोण? मी? मी तर उभा राहीन म्हणालो!"

आपण काय बोललो हे बहुधा त्यालाही तेव्हाच ऐकू आलं.

दाजी मॅनेजरकडे वळले. म्हणाले, "साहेब, ऐकलंत? चार दिवस मला नेमकं हेच बोलता येत नव्हतं. मला वाटत होतं प्रश्न माझ्या पाकिटाचा आहे. यालाही थांबणं परवडलं पाहिजे. थांबलेल्या वेळेची पूर्ण हजेरी द्या सगळ्यांना. तसा कागद केलात तर मी आत्ता सही करतो."

मॅनेजरने मला विचारलं, "किती होतील?"

मी आत जाऊन मस्टर पाहिलं. सहा महिन्यांत वाऱ्यामुळे नऊ अर्धे दिवस गेले होते. फेऱ्यांच्या एका महिन्याच्या पैशांत त्या सगळ्यांची भरपाई होऊन वर काही उरत होतं. तसं मी सांगितलं.

"स्वस्त-महाग हा प्रश्न नाही, काका," तो म्हणाला. "थांबण्याचे पैसे द्यायला लागलो तर हे रोज थांबतील."

दाजी शांतपणे म्हणाले, "मला अकरा वर्षं थांबण्याचे पैसे मिळतायत, साहेब. रोज थांबलो का?"

मॅनेजर आत गेला आणि त्याने फोनवर काँक्रीटच्या गाड्या दुपारवर ढकलल्या. त्यासाठी त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं असावं, कारण फोन ठेवताना त्याचे कान लाल झाले होते.

शुक्रवारी पहाटे वारा पडला. टोळी सहाला हजर होती आणि नऊच्या आत पाचही पॅनेल वर गेली. शिट्टी आणि दाजी वॉकीटॉकीवर कामापुरतं बोलले. "डावीकडे. हळू. बस्स." सबंध सकाळ शिट्टीच्या तोंडून दाजी हा शब्द आला नाही.

दुपारी मॅनेजरने टोळीचा मुकादम म्हणून शिट्टीला ऑफिसात बोलावलं. दाजी वर होते. टेबलावर दोन कागद होते.

"मुख्य ऑफिसशी बोललो," मॅनेजर म्हणाला. "दोन्ही मिळणार नाही. हा कागद फेऱ्यांच्या पैशांचा. दाजी सही करणार नाहीत, तेव्हा यावर तू सही केलीस तर महिनाअखेर दुसऱ्या साइटवरचा ऑपरेटर इथे येईल आणि दाजींचं काय करायचं ते मुख्य ऑफिस बघेल. हा दुसरा, थांबलेल्या वेळेच्या पूर्ण हजेरीचा. फेऱ्यांचे पैसे बंद. टोळीच्या वतीने तूच ठरव, बाकीच्यांच्या सह्या मागून घेऊ. तुम्ही घरचे आहात, म्हणून हे मी त्यांच्यासमोर विचारत नाहीये."

शिट्टीने दोन्ही कागद वाचले. मग पुन्हा पहिला वाचला. मला म्हणाला, "काका, यात लिहिलेला आकडा मागच्या महिन्याएवढाच ना?"

"तेवढाच."

"उद्या शनिवार," तो म्हणाला. हे कोणालाच उद्देशून नव्हतं.

त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर क्रेनची मोटर घुमत होती. स्लॅबवर काँक्रीटचं काम चालू होतं आणि सिग्नलला तात्पुरता एक रिगर उभा होता. त्याचा आवाज माझ्या टेबलावरच्या वॉकीटॉकीतून येत होता. तो चाचरत होता. "उजवीकडे... नाही नाही, थांबा... उजवीकडेच."

"साहेब, काल तुम्ही होतात ना तिथे?" शिट्टीने विचारलं. "त्यांनी विचारलं, उभा राहशील? मी राहीन म्हणालो. किती वेळ लागला मला?"

उत्तरही त्यानेच दिलं.

"एक दोन सेकंदसुद्धा नाही. पोरीचं तोंडसुद्धा आठवलं नाही हो. खोली आठवली."

त्याने दुसरा कागद ओढला, सही केली आणि पेन टेबलावर न ठेवता आपल्याच खिशात घालून निघून गेला. ते माझं होतं. मी मागितलं नाही.

खोली दुसऱ्याने घेतली. दाजींच्या बायकोने दोघांशीही आठवडाभर अबोला धरला. टोळीतल्या रिगरांनी शिट्टीला ऐकवायला कमी केलं नाही : "मुकादम, आमची पाकिटं तू बहिणीला ओवाळणीत दिलीस." तो ऐकून घेई. दाजींशी मात्र तो कामापलीकडे बोलत नव्हता, आणि दाजींनीही त्याला बोलतं करायचा प्रयत्न केला नाही. एका घरात, एकाच साइटवर, एकाच वॉकीटॉकीवर दोन माणसं इतकं कमी बोलू शकतात हे मी तेव्हा पाहिलं.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी दुपारी, विसाव्या मजल्याची पॅनेल चढत होती. मी मस्टर घेऊन बाहेर निघालो होतो. तिसरं पॅनेल जमिनीपासून दोन हात उचललं गेलं होतं. तेवढ्यात वॉकीटॉकीत शिट्टीचा आवाज आला.

"थांबा."

पॅनेल जागच्या जागी राहिलं.

"काय झालं?" वरून दाजींनी विचारलं.

"वारा आहे."

मी वर पाहिलं, मग जमिनीकडे. मला काही जाणवलं नाही. मॅनेजर ऑफिसच्या पायरीवर येऊन उभा राहिला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. हेच मी म्हणत होतो, असा त्याचा चेहरा होता.

दाजींनी मला नंतर सांगितलं की त्या वेळी मीटरवर सव्वीस होते आणि खुर्ची हललीही नव्हती. त्यांनी स्वतः ते पॅनेल नक्की उचललं असतं. शिट्टी इमारतीच्या कोपऱ्यावर उभा होता. तिथे दोन भिंतींमधून कधी कधी झोत येतो, वर तो कळत नाही. झोत आला असेल. किंवा ऊन फार होतं आणि थांबलेली वेळ आता भरून मिळत होती, तेही असेल.

वॉकीटॉकी चारपाच सेकंद नुसती खरखरली. सगळ्या साइटने ती खरखर ऐकली.

"बरं," दाजी म्हणाले. "खाली ठेवतोय. बाजूला हो."

पॅनेल जमिनीला टेकलं. टोळी सावलीत जाऊन बसली. सव्वा तासाने शिट्टीने पुन्हा सिग्नल दिला आणि काम सुरू झालं. संध्याकाळी मी पाचही जणांना पूर्ण दिवस लावला.

तो खरंच वारा होता का, हे मी दाजींना एकदा विचारलं. ते म्हणाले, "मी त्याला विचारलं नाही. अकरा वर्षांत त्यानेही मला कधी विचारलं नव्हतं."